योगी बेअरमधला योगी

एका वाचकाचा प्रश्न आहे: “‘योगी बिअर’ या जुन्या कार्टूनमधल्या अस्वलाचे नाव आपल्या ‘योगी’ शब्दावरूनच पडले का? आणि मराठीत गोष्ट सांगताना त्याच्या जोडीदाराला, म्हणजे बू-बूला, काय म्हणावे?”

आधी ते ‘बिअर’ खोडा. प्राणी तो बेअर, पेय ती बिअर. ‘टेडी बिअर’ तर दुकानांच्या पाट्यांवर, मुलांच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत सर्रास छापलेले दिसते. एकीकडे मात्रा, दुसरीकडे वेलांटी. देवनागरीत हा फरक इतका स्पष्ट दाखवता येतो आणि तरी तेवढी तसदी कुणी घेत नाही. लहान मुलांच्या खेळण्याला दारूचे नाव देताना लिहिणाऱ्याचा हात अडखळायला हवा.

आता योगी. शब्दाचा अर्थ मराठी माणसाला सांगायला नको. हे अस्वल 1958 साली ‘हकलबेरी हाउंड’ या कुत्र्याच्या कार्यक्रमात दुय्यम पात्र म्हणून आले आणि 1961 मध्ये त्याला स्वतःचा कार्यक्रम मिळाला. निर्माते हॅना आणि बार्बेरा. जेलीस्टोन पार्कात सहलीला आलेल्यांच्या खाऊच्या टोपल्या लांबवायच्या, रेंजर स्मिथला चकवायचे आणि आपण इतर अस्वलांपेक्षा हुशार असल्याचे चारचौघांत सांगत फिरायचे, हा त्याचा उद्योग.

आपल्याकडे एक उपपत्ती फिरते: अस्वल हिवाळाभर गुहेत निश्चल पडून राहते, ती जणू समाधीच, म्हणून योगी. ऐकायला गोड आणि पूर्ण निराधार. समाधी लावणारे अस्वल ज्याला काढायचे असेल, तो त्याला दिवसभर दुसऱ्याच्या सँडविचमागे कशाला धाववेल? खरी वाट योगशास्त्रातून नव्हे, मैदानातून जाते. सेंट लुईस शहरात 1925 साली इटालियन स्थलांतरितांच्या घरी लॉरेन्स पीटर बेरा नावाचा मुलगा जन्मला. बेसबॉल खेळताना आपली पाळी येईपर्यंत तो हातापायांची घडी घालून बसायचा. भारतावरचा एक छोटा माहितीपट पाहून आलेल्या मित्राला त्यातल्या साधूची बैठक आठवली आणि त्याने बेराला ‘योगी’ म्हणायला सुरुवात केली. तेच नाव जन्मभर टिकले. न्यूयॉर्क यांकीज संघाचा हा कॅचर 1951, 1954 आणि 1955 अशा तीन वर्षी आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे अस्वल पडद्यावर आले त्या 1958 साली ‘योगी’ म्हटल्यावर सामान्य अमेरिकन माणसाच्या डोळ्यांपुढे हिमालय नव्हे, योगी बेरा उभा राहत असणार.

बेराने हॅना-बार्बेरांवर बदनामीचा दावा लावला आणि पुढे मागे घेतला. कंपनीचे म्हणणे काय, तर नावांतले साम्य हा निव्वळ योगायोग. हे मला साफ अमान्य आहे. ‘योगी बेरा’ आणि ‘योगी बेअर’ यांत शेवटच्या स्वराखेरीज उरते काय? 2015 मध्ये बेरा वारला तेव्हा एका मोठ्या वृत्तसंस्थेने ‘योगी बेअर’ यांचे निधन झाल्याची बातमी सोडली. बातमीदारांची जीभ जिथे घसरते, तिथे नाव ठेवणाऱ्यांच्या कानाला साम्य जाणवलेच नाही, हे कोण मानेल? शिवाय त्याच कार्टूनमध्ये याच मंडळींनी दुसरे एक प्रसिद्ध नाव असेच चिमटीत धरून वळवले आहे. 1872 साली स्थापन झालेल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे त्यांनी जेलीस्टोन केले. ‘यलो’ची ‘जेली’ मुद्दाम आणि ‘बेरा’चे ‘बेअर’ मात्र योगायोगाने, हे पटत नाही.

आणि हेच जेलीस्टोन मला सगळ्यांत जास्त आवडते. यलोस्टोन, जेलीस्टोन: शब्दाच्या आरंभी ‘य’ होता, त्याचा ‘ज’ झाला. प्राकृत शिकणाऱ्याला हा नियम पहिल्याच धड्यांत भेटतो. संस्कृतातला आरंभीचा ‘य’ प्राकृतात ‘ज’ होतो आणि मराठी घरभर त्याचे पुरावे पसरलेले आहेत. यात्रेची जत्रा झाली. यंत्राचे जाते झाले. यज्ञोपवीताचे जानवे झाले. बैलाच्या मानेवरचे जू हे संस्कृत ‘युग’, आणि त्याला बैल बांधायचे जोते हे ‘योक्त्र’. इतके कशाला, आपण रोज शंभरदा उच्चारतो तो ‘जो’ म्हणजे संस्कृत ‘यः’. आणि योगी? योग्याचा जोगी झाला. मग जोगतीण आली, जोगवा आला.

आता गंमत पाहा. त्या कार्टूनवाल्यांनी ‘य’चा ‘ज’ केला तो उद्यानाच्या नावात, तर आपल्या पूर्वजांनी तो केला खुद्द योग्याच्या नावात. त्यांनी केले ते जेलीच्या कोटीसाठी आणि आपल्याकडे झाले ते शेकडो वर्षांच्या बोलण्यात, हे मान्य. पण नियम दोन्हीकडे लावून पाहिला तर जेलीस्टोनात राहणाऱ्याचे नाव जोगीच हवे! स्वभावही जुळतो. योगी एका जागी बसतो, जोगी दारोदार फिरून दुसऱ्याच्या शिध्यावर पोट भरतो. हे अस्वल कुठल्या पंथाचे ते उघड आहे. युरोपीयांनी हा शब्द प्रथम ऐकला तोही लोकांच्या तोंडचाच. मार्को पोलोच्या वृत्तान्तात तो ‘चुगी’सारखा दिसतो आणि इंग्रज बराच काळ ‘जोगी’च लिहीत होते. संस्कृत ग्रंथांचा आणि योगविद्येचा बोलबाला झाल्यावर ‘योगी’ वरचढ ठरला. बेराच्या मित्राने पाहिलेला तो माहितीपट दोनशे वर्षे आधी निघता, तर अस्वल जोगी बेअर झाले असते.

‘य’चा ‘ज’ होणे ही आपल्याच प्राकृतांची खासियत समजणारे पुष्कळ आहेत. त्यांनी इटालियनकडे पाहावे. ज्या ‘युज्’ धातूपासून आपला योग आणि आपले जू, त्याच मुळातून लॅटिनचे ‘युगुम’ निघाले. अर्थ तोच, बैलाचे जू. इटालियनमध्ये त्याचे काय झाले? ‘जोगो’! इटालियन आईबापांच्या या मुलाला मित्राने लांबच्या देशातले नाव दिले खरे, पण त्या नावाचा चुलतभाऊ त्याच्या आईबापांच्या भाषेत आधीपासूनच होता. व्युत्पत्तीच्या नादात इतकी वर्षे घालवली, पण याहून सुंदर जोडी मला क्वचित सापडली आहे.

राहिला बू-बू. अमेरिकन बोलीत ‘बू-बू’ म्हणजे लहानशी चूक, आणि बाळभाषेत पडल्या-झडल्यावर होणारी बारीकशी जखम. मराठी बाळाला काय होतो? बाऊ! ‘पापा’प्रमाणे आणि ‘मम्मम’प्रमाणे हाही ओठांचा शब्द. बाळाला ओठांचे ध्वनी आधी जमतात, म्हणून दोन दूरच्या भाषांत दुखण्यासाठी सारखे शब्द निघाले. उसनवारी शोधायला जाऊ नये. आपल्या बाऊला आणखी एक अर्थ आहे, मुलांना दाखवायच्या भीतीचा, आणि त्यातूनच ‘बाऊ करणे’ आले. हा छोटा बू-बू प्रत्येक बेताच्या आधी “रेंजरसाहेबांना हे आवडणार नाही” म्हणून काळजी करतो. तो अक्षरशः बाऊ करतो. तेव्हा गोष्ट मराठीत सांगायची तर त्याचे नाव खुशाल ‘बाऊ’ ठेवा, माझी पूर्ण संमती आहे.

फक्त बाऊ हा ‘भया’पासून आला असे मुलांना सांगू नका. तसे ठणकावून सांगणारे विद्वान मला भेटले आहेत आणि ते चूक आहेत. मराठीने भयाचा ‘भ’ भिण्यात, भ्याडात, भित्र्यात नीट सांभाळला आहे. भगिनीची बहीण झाली, तेव्हा ‘भ’चा ‘ब’ झाला तरी हकार पुढच्या अक्षरात जाऊन बसला. बाऊमध्ये तो कुठे आहे? एवढे दाखवून द्या, मग भयाचे बोलू.