सही करण्यापूर्वी

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची तीन गाणी मिळाली. गाण्यांविषयी शेवटी लिहितो. आधी तुझ्या प्रश्नाकडे वळतो. कंट्री संगीताचे माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये तीन वर्षे काढूनही एकाही गायकाने तुझे गाणे अजून ध्वनिमुद्रित केलेले नाही, आणि अशा वेळी लॉस एंजेलिसचे लोक कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचे चांगले पैसे देऊ करत असतील तर नाही म्हणणे किती जड जाते, हे मला कळते. मी गायक नाही आणि नटही नाही. तीस वर्षे ध्वनिमुद्रक म्हणून काचेच्या अलीकडे बसून दुसऱ्यांची गाणी ऐकली, एवढाच माझा अधिकार. अमेरिकी गीतकार-गायक क्रिस क्रिस्टॉफरसनचे नाव तू पत्रात दोनदा घेतले आहेस आणि ‘तोही गायचा, चित्रपटांतही असायचा, मग मी का नको?’ असे विचारले आहेस. त्या माणसाच्या आयुष्यात गोष्टी कोणत्या क्रमाने घडल्या हे तू नीट पाहिलेले दिसत नाही, आणि माझ्या मते सारी मेख त्या क्रमातच आहे.

१९३६ साली टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथे जन्मलेला हा मुलगा लष्करी अधिकाऱ्याच्या घरात वाढला, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला जाऊन इंग्रजी साहित्य शिकला आणि पुढे सैन्यात हेलिकॉप्टर चालवू लागला. १९६५ मध्ये, वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत साहित्य शिकवण्याची नेमणूक समोर असताना, कॅप्टनच्या हुद्द्यावरून त्याने नोकरी सोडली आणि गाणी लिहिण्यासाठी तो नॅशव्हिलला आला. घरच्यांना हे मुळीच पटले नाही. तुझ्याही घरी काय झाले ते मला ठाऊक आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

तिथे त्याला काम मिळाले ते कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत झाडलोट करण्याचे. १९६६ च्या आरंभी बॉब डिलन त्याच स्टुडिओत रात्र रात्र ध्वनिमुद्रण करत होता, आणि हा ऑक्सफर्डचा पदवीधर तिथले ॲशट्रे रिकामे करत होता. डिलनशी एक शब्द बोलण्याचे धाडस आपल्याला झाले नाही, असे त्याने पुढे सांगितले आहे. मला हे चित्र फार मोलाचे वाटते. स्टुडिओत झाडू मारणारा माणूस गाण्याची न जमलेली आवृत्ती ऐकतो, पाचव्यांदा मोडलेली ओळ ऐकतो, वादकांची कुरबुर ऐकतो. तबकडी विकत घेणाऱ्याच्या कानावर यातले काहीच पडत नाही. मी स्वतः या धंद्यात केबली गुंडाळण्यापासून सुरुवात केली आणि माझे अर्धे शिक्षण तिथेच झाले.

त्यानंतर पोटासाठी तो लुइझियानात हेलिकॉप्टर चालवू लागला. मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरींच्या फलाटांवर कामगारांना ने-आण करायची आणि मोकळ्या दिवसांत नॅशव्हिलला येऊन गाणी विकण्याचा प्रयत्न करायचा, असे त्याचे चालले होते. ‘हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट’ हे गाणे आपण अशाच एका फलाटावर बसून लिहिले, असे त्याने सांगितलेले आहे. चहूकडे समुद्र, यंत्रांची घरघर, आणि ज्याला अजून कोणी ओळखत नाही असा तिशी ओलांडलेला वैमानिक मांडीवरच्या कागदावर ओळ खोडतो आहे, एवढे डोळ्यांसमोर आण. तेव्हाचा नामांकित कंट्री गायक जॉनी कॅश याच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरवून त्याने गाण्याची टेप पोहोचवली ही गोष्ट तुझ्या पिढीला तोंडपाठ आहे. कॅश ती बरीच रंगवून सांगत असे; क्रिस्टॉफरसनच्या म्हणण्याप्रमाणे कॅश त्या वेळी घरी नव्हताच. असल्या दंतकथेवर स्वतःची कारकीर्द बेतू नकोस, इतकेच सांगतो.

मग १९७० आणि १९७१ ही दोन वर्षे आली. रे प्राइसने, सॅमी स्मिथने आणि आपल्या निधनाच्या थोडे आधी जॅनिस जॉप्लिनने त्याची गाणी गायली, आणि ती देशभर पसरली. ‘संडे मॉर्निंग कमिंग डाउन’ कॅशने दूरचित्रवाणीवर गायले, त्या वेळी नशेविषयीचा त्यातला एक शब्द बदलावा अशी वाहिनीची इच्छा होती. कॅशने तो शब्द जसाच्या तसा उच्चारला. त्या एका शब्दासाठी दुसरा गायक कार्यक्रम पणाला लावतो, असे गाणे लिहून झालेले होते. त्या गाण्याला १९७० चा कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मिळाला.

आणि आता चित्रपटाकडे पाहा. लॉस एंजेलिसच्या ट्रूबाडूर क्लबमध्ये तो गाऊ लागला तेव्हा चित्रपटसृष्टीतील लोकांचे लक्ष त्याच्याकडे गेले. १९७२ मध्ये त्याची पहिली प्रमुख भूमिका पडद्यावर आली, तीही एका वाट चुकलेल्या गायकाची. पुढल्या वर्षी दिग्दर्शक सॅम पेकिनपाने त्याला बिली द किड या दरोडेखोराची भूमिका दिली (खरा बिली एकविसाव्या वर्षी मारला गेला आणि हा तेव्हा पस्तिशी पार केलेला, पण पडद्यावर ते खपून गेले), १९७४ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसीकडे त्याने शेतकऱ्याचे काम केले, आणि बार्ब्रा स्ट्रायसँडसोबतच्या १९७६ च्या ‘अ स्टार इज बॉर्न’साठी त्याला गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. त्याने अभिनयाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. गाण्यात तो जसा जवळजवळ बोलल्यासारखा, स्वर न सजवता उभा राहत असे, तसाच तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. त्याचा आवाज सुरेल नव्हता आणि तो स्वतःच त्याची थट्टा करत असे. त्या आवाजाला वजन होते, आणि ते कोठून आले हे वर लिहिलेच आहे.

पण एक हिशेब तू स्वतः मांडून पाहा. त्याची जी चार गाणी आज जगभर गायली जातात, ती सगळी तो कॅमेऱ्यासमोर जाण्याच्या आधी लिहिलेली आहेत. त्याने पुढेही गाणी लिहिली, त्यांतली काही मला प्रिय आहेत, तरी तशी दाटी पुन्हा झाली नाही. याचा दोष केवळ चित्रपटांना देणे अन्यायाचे होईल. दारू होती, वय होते, प्रसिद्धी होती. ‘अ स्टार इज बॉर्न’मधल्या दारुड्या गायकात स्वतःला पाहिल्यावर आपण दारू सोडली, असे तो सांगत असे, तेव्हा पडद्याने त्याचे भलेही केले. तरीही चित्रीकरण माणसाचे नेमके काय घेते हे मी जवळून पाहिलेले आहे. वेळ तर जातोच, पण दोन दृश्यांच्या मधल्या चार रिकाम्या तासांत कागद उघडावासा वाटत नाही, कारण मन दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्यात अडकलेले असते.

आमच्याकडे एक गायक मालिकेत दोन वर्षे काम करून ध्वनिमुद्रणाला परत आला. ओळ उचलण्यापूर्वीचा त्याचा श्वास बदललेला होता. पूर्वी तो श्वास घ्यायचा, आता श्वास घेतल्याचे दाखवायचा. हेडफोन काढून मी त्याच्याशी बोलायला हवे होते. स्टुडिओचे भाडे तासावर चालू होते, म्हणून गप्प बसलो, आणि ते मला आजही लागते.

क्रिस्टॉफरसनची पुढची कथाही ध्यानात ठेव. १९८० मध्ये मायकेल चिमिनोचा ‘हेवन्स गेट’ आला. सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर खर्चून बनलेला हा चित्रपट आठवड्याभरात मागे घ्यावा लागला, आणि प्रमुख नट म्हणून त्या अपयशाचा फटका क्रिस्टॉफरसनलाही बसला. पुढे त्या चित्रपटाला चाहते लाभले, पण तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. १९८५ मध्ये तो पुन्हा भक्कम उभा राहिलेला दिसतो तो कॅश, विली नेल्सन आणि वेलन जेनिंग्ज यांच्या शेजारी, ‘हायवेमन’ गाताना. हे तिघे त्याला आधी गीतकार म्हणून ओळखत होते, नट म्हणून नंतर. चांगल्या भूमिकाही नंतर मिळाल्या. १९९६ च्या ‘लोन स्टार’मधला त्याचा क्रूर शेरीफ पाहिला नसशील तर अवश्य पाहा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी तो गेला, तेव्हा लोकांनी आधी त्याची गाणीच लावली.

तेव्हा माझे उत्तर असे की भूमिका हवी तर घे, पण करार वाचल्याशिवाय सही करू नकोस. चित्रीकरणाचे दिवस तारखांनिशी लिहून माग, कारण ‘साधारण दोन महिने’ या शब्दांचे सहा महिने होतात. त्यांना तुझे गाणे चित्रपटात हवे असेल तर गीताचे हक्क आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे विसरू नकोस. जॉप्लिनने गायले तरी गीतकार म्हणून वाटा क्रिस्टॉफरसनला मिळत राहिला, तो याच फरकामुळे. हे कलम वकिलाला दाखव आणि त्याच्या फीची कुरकुर करू नकोस.

आता तुझी गाणी. पहिले ठीक आहे, दुसरे दुसऱ्या कोणासारखे आहे. तिसऱ्यात पेट्रोलपंपावर रात्रपाळी करणारी बाई नाणी मोजताना मध्येच थांबते, तिथे मी टेप मागे घेऊन तीनदा ऐकले. पण त्याचे दुसरे कडवे अर्धवट सोडून तू पुन्हा ध्रुवपदावर पळाला आहेस. ती का थांबली, हे तुला माहीत आहे की नाही? लॉस एंजेलिसचे विमान पकडण्यापूर्वी ते कडवे पूर्ण करून पाठव. कागदावर लिहून, टपालाने. पत्ता तोच आहे.

तुझा,
काका