डार्ट्स व्यावसायिक पातळीवर खेळायचे असेल तर

नोकरी सोडण्याचा निर्णय घेण्यापूर्वी बोर्डावर बाण फेकण्याच्या या खेळातील अर्थकारण नीट समजून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पीडीसी या व्यावसायिक डार्ट्स संघटनेच्या मुख्य दौऱ्यावर खेळण्यासाठी लागणारे टूर कार्ड जानेवारीतील पात्रता स्पर्धेतून, म्हणजेच क्यू-स्कूलमधून मिळवता येते आणि ते 2 वर्षे टिकते; मात्र कार्ड म्हणजे पगार नव्हे. प्रवास आणि मुक्काम यांचा भार खेळाडूवरच पडतो आणि क्रमवारी बक्षिसाच्या रकमेवर ठरत असल्यामुळे पहिल्याच फेरीत वारंवार हरणाऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नाही. 2025 मध्ये ल्यूक लिटलर 17व्या वर्षी विश्वविजेता झाला, हे खरे असले तरी तो अपवाद आहे.

सरावात बहुतेक नवखे ट्रिपल 20 च्या, म्हणजे 20 चे तिप्पट गुण देणाऱ्या अरुंद पट्टीच्या मागे लागतात. माझ्या मते निम्मा वेळ डबलवर, म्हणजे दुप्पट गुण देणाऱ्या बाहेरच्या कड्यावर द्यावा, कारण 501 पासून गुण वजा करत नेमक्या शून्यावर आणायचा डाव डबलवरच संपतो. 32 उरले असताना डबल 16 चा नेम आतल्या बाजूला चुकून साधे 16 लागले, तर 16 उरतात आणि पुढचाच बाण डबल 8 वर मारता येतो; 38 वर मात्र साधे 19 लागले की विषम आकडा उरतो आणि तो सम करण्यात एक बाण खर्ची पडतो.

घरचा बोर्डही नियमानुसारच लावा: बुलचा, म्हणजे बोर्डाच्या केंद्रातील वर्तुळाचा मध्य जमिनीपासून 1.73 मीटर उंच आणि फेकरेषा बोर्डाच्या दर्शनी पृष्ठभागापासून 2.37 मीटर दूर. हातातून बाण सुटेनासा झाला, म्हणजे डार्टायटिसची लक्षणे दिसू लागली, तर ते लपवू नका. पाच वेळा विश्वविजेता ठरलेल्या एरिक ब्रिस्टोलाही या त्रासाने गाठले होते.