फाल्कन टर्बो यूटला पोलादी ट्रे बसवावा की ॲल्युमिनियमचा?

ऑस्ट्रेलियातील फोर्ड फाल्कन एक्सआर६ टर्बो यूट (मोटारीवर बेतलेली, मागे उघडा माल ठेवण्याची सोय असलेली गाडी) बहुतेक वेळ रिकामीच धावणार असेल, तर तिला ॲल्युमिनियमचा आणि मागच्या आसापलीकडे कमीत कमी लांबणारा ट्रे, म्हणजे माल ठेवायचा सपाट उघडा हौदा, बसवावा. ॲल्युमिनियमची घनता घन सेंटीमीटरला २.७ ग्रॅम आणि पोलादाची सुमारे ७.८५ ग्रॅम असली, तरी पुरेशा ताठपणासाठी ॲल्युमिनियमचे भाग जाड घ्यावे लागतात, म्हणून वजन एकतृतीयांशापर्यंत उतरत नाही. तरीही वाचलेला प्रत्येक किलो कायदेशीर वजनमर्यादेत मालासाठी मोकळा होतो. हाताळणीत मात्र वजनाइतकीच त्याची जागा महत्त्वाची आहे: आसामागे लोंबणारे वजन पुढची चाके हलकी करते, आणि वळणावर शेपूट एकदा सुटली की ती उशिरा सावरते. फाल्कनच्या बीए या पिढीतील ४ लिटरच्या टर्बो इंजिनाचा ४५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिनिटाला २००० फेऱ्यांपासूनच मिळत असल्याने ओल्या रस्त्यावर रिकाम्या गाडीची मागची चाके सहज जागच्या जागी फिरतात. त्यावर उपाय म्हणून पोलादी ट्रेचे ओझे वाहण्यापेक्षा चांगले टायर घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. रोज दगड किंवा लोखंड भरायचे असेल, तर मात्र पोलादीच घ्यावा, कारण वाकलेला फाळका साध्या वेल्डरकडेही दुरुस्त होतो.