मॅच फीच्या भरवशावर साडेबासष्ट हजारांचा हप्ता?

प्रश्न: वय २९, ठाण्यात भाड्याने राहतो. रणजीचे १४ सामने खेळलोय. माझ्या क्रिकेटवरच्या पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशक एकरकमी दीड लाखाला मागतोय. ते आणि साठवलेले २२ लाख घालून घोडबंदर रोडला ९० लाखांचा फ्लॅट घेऊ का? मेट्रोमुळे भाव वाढतील असं सगळे म्हणतात.

उत्तर: फ्लॅट आत्ता नको. पुस्तकाचा व्यवहार मात्र जरूर करा, फक्त करारातले ‘सर्व हक्क’ हे शब्द काढायला लावा.

बँक ८० टक्के म्हणजे ७२ लाख देईल, तेही तीन वर्षांची रिटर्न्स पाहून. उरलेले १८ लाख, ७ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क ६.३० लाख आणि नोंदणीचे ३० हजार मिळून २४.६० लाख रोख लागतील. तुमच्याकडे सगळं धरून साडेतेवीस. म्हणजे किल्ली हातात यायच्या आधीच गंगाजळी संपली.

पुढे हप्ता. साडेआठ टक्के, २० वर्षे धरली तर महिन्याला सुमारे ६२,५००, वर्षाला साडेसात लाख. २०२१ च्या दरांनुसार २० सामन्यांपर्यंतच्या खेळाडूला अंतिम अकरात दिवसाला ४० हजार मिळतात, राखीव असेल तर निम्मे. रणजीचे चार-चार दिवसांचे सातही साखळी सामने खेळलात तर ११.२० लाख. सातही बाहेर बसून काढलेत तर ५.६०, म्हणजे हप्त्यालाही अपुरे. एकदिवसीय, टी-ट्वेंटी, असोसिएशनचं जादा मानधन, हे सगळं शेवटी निवडीवरच. खांदा गेला तर तेही नाही, आणि हप्ता बाराही महिने चालू. पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसीवर विसंबू नका. व्यावसायिक खेळातली दुखापत त्यातून बऱ्याचदा वगळलेली असते. ते कलम आजच वाचा.

मेट्रोमुळे भाव वाढतीलही, पण त्यासाठी पडता हंगाम सोसण्याची ताकद गमावू नका. वर्षाचा घरखर्च भाड्यासकट एफडीत बाजूला ठेवा. घराचा विचार पुन्हा करायचा तो राखीव खेळाडूच्या कमाईतून घरखर्च भागून हप्ता निघेल तेव्हा.

आता पुस्तक. किंमत ३०० रुपये, रॉयल्टी १० टक्के, आवृत्ती हजार प्रतींची धरली तर एका आवृत्तीचे ३० हजार. दीड लाख म्हणजे पाच आवृत्त्या एकदम हातात, तेव्हा रक्कम चांगलीच आहे. पण कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो आणि ‘सर्व हक्कां’त अनुवाद, ऑडिओबुक, मालिका, सगळं जातं. उद्या भारताकडून खेळलात तर हेच हक्क सर्वात महाग ठरतील. फक्त मराठी छापील आवृत्तीचे हक्क पाच वर्षांसाठी द्या. प्रकाशक त्यासाठी लाखावर उतरला तरी घ्या. मुदत आणि प्रदेश करारात लिहून घ्याच. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो, पण ‘कायमस्वरूपी’ असं लिहून सही केलीत तर ते संरक्षण गेलं.

कराची एक गफलत टाळा. लेखकांना रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट मिळते म्हणून कुणी जुनी करप्रणाली सुचवेल. ती वजावट फक्त तिथेच आहे हे खरं. पण तुमचे ११.२० आणि दीड लाख मिळून १२.७० होतात; बॅट, फिजिओ, प्रवासाचा खर्च पावत्यांनिशी ७० हजारांहून जास्त दाखवलात की नव्या प्रणालीत १२ लाखांच्या आत येता आणि कर शून्य. प्रकाशकाने कापलेला १० टक्के टीडीएस रिटर्न भरून परत मागा.