नवरा बोटीवर असताना समुपदेशन

प्रश्न: माझे पती क्रूझ बोटीवर किचनमध्ये आहेत. एकदा गेले की आठ-नऊ महिने येत नाहीत. मी सासू-सासऱ्यांसोबत राहते. पगार सासूबाईंच्या खात्यात जातो, मला औषधालाही त्यांच्याकडे मागावं लागतं. फोनवर विषय काढला की भांडण होतं, ते फोन ठेवतात. हल्ली सारखं रडू येतं. बांबोळीला मानसोपचाराच्या सरकारी इस्पितळात गेले तर गावभर होईल. मैत्रीण म्हणते, ऑनलाइन समुपदेशन घे. पण मोबाइलवरच्या अनोळखी बाईला माझं घर काय कळणार?
– एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर: ताई, ती अनोळखी आहे हेच तुमच्या सोयीचं आहे. आपल्याकडे डिचोलीच्या बाजारात गेलं तरी माहेरचं नाहीतर सासरचं कुणी भेटतंच. समुपदेशक तुमच्या सासूबाईंच्या नात्यातली नसते, चवथीला तुमच्या घरी येणार नसते. घर तिला तुम्हीच सांगाल, आणि सांगता सांगता गुंता थोडा तुम्हालाही दिसायला लागेल.

तुमच्या पत्रात मला तीन वेगळी दुखणी दिसतात: एकटेपणा, पैसे आणि फोनवरचं भांडण. आज ती एकमेकांत मिसळली आहेत. पैशांबद्दल बोलायला जाता आणि तोंडून निघतं, ‘तुम्हाला माझी किंमतच नाही.’ तिकडे दिवसभर राबून आलेला माणूस तेवढंच ऐकतो. सत्रात यावरच काम होतं. मागचं भांडण नेमकं कुठल्या वाक्यावर पेटलं ते शोधायचं आणि मागणी स्पष्ट मांडायची: ‘दर महिन्याला ठरावीक रक्कम माझ्या खात्यावर यावी.’ बँकेला एकदा सूचना दिली की ती आपोआप येते, सासूबाईंकडे हात पसरायला नको. ही मागणी रास्त आहे, तिच्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

आधी दोन-तीन सत्रं एकटीने घ्या. मग पतींना सामील करा. ऑनलाइनचा खरा उपयोग इथे आहे. ते सुट्टीवर येईपर्यंत थांबावं लागत नाही. बोटीवरचं इंटरनेट दगा देतं, म्हणून बोट बंदरात असताना वेळ ठरवा, व्हिडिओ नाही चालला तर नुसता आवाज पुरतो. त्यांनी नकार दिला तरी तुमची सत्रं सोडू नका.

घरात बोलायचं कुठे, ही अडचण मोठी आहे. सासूबाई देवळात जातात ती वेळ धरा, किंवा मागच्या परसात बसा. इअरफोन लावा. कोणी आलं तर ‘नंतर फोन करते’ म्हणून ठेवायचं, हे समुपदेशकाला आधीच सांगून ठेवा. फोनला लॉक हवाच.

माणूस निवडताना शिक्षण विचारा. समुपदेशक अशी पाटी कुणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ, असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. चांगला माणूस रागावत नाही. फी परवडत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

रडण्याबरोबर झोप आणि भूकही दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल, तर ते पहिल्याच सत्रात सांगा. मनोविकारतज्ज्ञाची, म्हणजे औषध देणाऱ्या डॉक्टरची, गरज लागू शकते, आणि २०२० पासूनच्या नियमांनुसार तेही व्हिडिओवर तपासू शकतात. जीव नकोसा वाटला तर मात्र सत्राची वाट पाहायची नाही. त्याच क्षणी १४४१६ लावा आणि जवळच्या माणसाला बोलावून घ्या. घरात मारहाण होत असेल तर ११२. बांबोळीला जावं लागलंच, तर गावाच्या बोलण्यापेक्षा तुमचा जीव मोठा आहे.

पतींना आज एवढाच निरोप पाठवा: ‘मला हल्ली बरं वाटत नाही, मी एका समुपदेशकाशी बोलणार आहे. पुढे एकदा तुम्हीही बोलावं असं मला वाटतं.’ पैशांचा विषय या निरोपात नको, तो सत्रासाठी ठेवा.