लॉकच्या दुरुस्तीचा पॅच तपासताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी लिनक्स कर्नलसाठी ड्रायव्हर लिहितो आणि आता सहकाऱ्यांचे पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) तपासण्याचे कामही माझ्याकडे आले आहे. नुकताच आलेला एक पॅच दोनच ओळींचा आहे. एका फंक्शनच्या सुरुवातीला म्युटेक्स (एका वेळी एकालाच पुढे जाऊ देणारा लॉक) घेतला आहे, शेवटी सोडला आहे, आणि वर्णनात ‘रेस कंडिशन दुरुस्त केली’ (म्हणजे दोन वाटांनी एकाच वेळी त्याच डेटाला हात लावल्याने होणारा बिघाड) एवढेच लिहिले आहे. पॅच लावल्यावर क्रॅश थांबला, हेही खरे. तरी मंजुरी देण्यापूर्वी नेमके काय पाहावे?

उत्तर : सर्वप्रथम हे विचारावे की हा म्युटेक्स कोणत्या डेटाचे रक्षण करतो. लॉक फंक्शनभोवती घातलेला दिसत असला तरी तो रक्षण करतो ते स्ट्रक्चरमधल्या ठरावीक फील्डचे, आणि त्या फील्डला हात लावणारी प्रत्येक जागा तोच लॉक घेत असेल तरच ते रक्षण पुरे होते. म्हणून पॅचमध्ये दिसणाऱ्या ओळींपेक्षा न दिसणाऱ्या ओळी अधिक महत्त्वाच्या आहेत: ते फील्ड आणखी कुठे वाचले जाते आणि कुठे लिहिले जाते, हे संपूर्ण सोर्समध्ये शोधावे. एखादी जागा लॉक न घेता त्यात लिहीत असेल, तर या दोन ओळींनी फक्त वेळेचे गणित बदलले आहे, म्हणजे पूर्वी तासाभरात होणारा क्रॅश आता महिन्याने होईल आणि तोही बहुधा दुसऱ्याच कोणाच्या यंत्रावर. ‘क्रॅश थांबला’ हा पुरावा मी याच कारणाने कमकुवत मानतो.

लेखकाकडे एक मागणी अवश्य करावी. पॅचच्या वर्णनात दोन स्तंभ मांडून, एका बाजूला पहिला सीपीयू आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, कोणती ओळ कोणत्या ओळीनंतर चालली म्हणजे बिघाड होतो, तो क्रम त्याने लिहावा. कर्नलच्या कामात ही पद्धत रूढ आहे आणि तपासनिसाला याहून मोठी मदत नाही. ज्याला हा क्रम लिहिता येत नाही, त्याला दोष अजून सापडलेला नाही असे समजून पॅच परत पाठवण्यात काहीही गैर नाही.

तो क्रम हाती आल्यावर फंक्शन पुन्हा वाचावे. एखादी अट लॉक घेण्यापूर्वी तपासली आहे आणि तिच्यावर विसंबून कृती मात्र लॉक घेतल्यावर केली आहे, असे असेल तर मधल्या क्षणी ती अट खोटी ठरू शकते; तपासणी लॉकच्या आत आणावी लागते. लॉक ज्या ऑब्जेक्टच्या आत आहे तेच ऑब्जेक्ट दुसरा कोणी मोकळे करणार असेल, तर तो लॉक घेऊन काहीच साधत नाही, कारण ऑब्जेक्टचे आयुष्य टिकवण्यासाठी रेफरन्स काउंट (ऑब्जेक्ट वापरणाऱ्यांची मोजणी) किंवा आरसीयू (वाचणारे संपेपर्यंत मोकळे करणे लांबवणारी सोय) लागते. फंक्शनच्या मध्येच चूक आढळून बाहेर पडणाऱ्या वाटा एकेक करून पाहाव्यात. तिथे लॉक सोडायचा राहून जाणे ही फार जुनी चूक आहे. व्याप्ती संपताच लॉक आपोआप सोडणारी ‘गार्ड’ची सोय 2023 साली 6.5 आवृत्तीत आल्यापासून ही चूक टाळणे सोपे झाले आहे, मात्र एकाच फंक्शनमध्ये ‘गोटू’ने (शेवटच्या ओळींकडे उडी मारून) साफसफाई आणि ‘गार्ड’ यांची सरमिसळ असेल तर ती मान्य करू नये. शेवटी हे फंक्शन कोण कॉल करतो ते पाहावे: म्युटेक्ससाठी थांबताना टास्क झोपी जाऊ शकतो, त्यामुळे इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरच्या हाकेला उत्तर देणारे फंक्शन), टायमरचा कॉलबॅक किंवा आधीच स्पिनलॉक (न झोपता वाट पाहायला लावणारा लॉक) धरलेला कॉलर, म्हणजे जिथे झोपणे चालत नाही असे कोणी, या वाटेने येत असेल तर हा पॅच नवा दोष घेऊन आला आहे.

प्रश्न : लॉक घेण्याच्या क्रमातल्या चुका पकडणाऱ्या लॉकडेप या कर्नलमधल्या साधनाची एक सूचना येत होती. पॅचमध्ये लॉक घेण्याच्या कॉलला ‘नेस्टेड’ची (हा लॉक दुसऱ्याच्या आत मुद्दाम घेतला आहे अशी) खूण जोडली आहे आणि सूचना बंद झाली आहे. याला दुरुस्ती म्हणावे का?

उत्तर : काही वेळा म्हणावे, पण पुराव्याशिवाय नाही. इंगो मोल्नार यांनी लिहिलेला लॉकडेप 2006 साली 2.6.18 आवृत्तीत आला. तो प्रत्येक लॉकचा वेगळा हिशोब ठेवत नाही, तर लॉकच्या वर्गांचा, म्हणजे एकाच प्रकारच्या लॉकांच्या गटांचा, ठेवतो. ‘अ’ धरून ‘ब’ घेतला आणि दुसऱ्या कुठल्याही वेळी ‘ब’ धरून ‘अ’ घेतला, एवढे एकदा दिसले की प्रत्यक्ष डेडलॉक (दोघांनी एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडकून पडणे) न होताही तो सांगतो, आणि हेच त्याचे मोठे सामर्थ्य आहे. एकाच वर्गातला एक लॉक धरलेला असताना दुसरा घेतला तरीही तो हरकत घेतो, कारण त्यांच्यातला क्रम त्याला ठाऊक नसतो. पालक डिरेक्टरी आणि तिच्यातली फाइल असा निश्चित वरचा-खालचा संबंध असेल तर ‘नेस्टेड’ची खूण योग्यच आहे. दोन्ही ऑब्जेक्ट बरोबरीची असतील तर मात्र क्रम कोणीतरी ठरवून द्यावा लागतो. कर्नलमध्ये दोन साध्या फाइलींचे आयनोड (कर्नलमधल्या फाइलींच्या नोंदी) लॉक करताना मेमरीतल्या पत्त्यावरून क्रम ठरवतात. असा कोणताही नियम न सांगता केवळ खूण जोडली असेल, तर डेडलॉक जिथल्या तिथे राहिला आहे आणि तो दाखवणारे साधनच आपण आंधळे केले आहे. असा पॅच मी सूचना येत राहण्यापेक्षाही वाईट मानतो.

चाचणीचा लॉग वाचताना एक गोष्ट हमखास निसटते. लॉकडेप पहिला दोष नोंदवल्यावर स्वतःला बंद करून घेतो. यंत्र सुरू होताना दुसऱ्याच ड्रायव्हरची सूचना आली असेल, तर त्यानंतरच्या शांततेला काही अर्थ नाही. शिवाय जी वाट चाललीच नाही तिच्याबद्दल तो बोलू शकत नाही, आणि मुळात लॉकच घेतलेला नसेल तर सहसा त्याला ते कळत नाही. त्यासाठी 2020 साली 5.8 आवृत्तीत आलेला केसीसॅन (रक्षण नसलेले एकाच वेळचे वाचन-लेखन पकडणारे साधन) चालवून पाहावा.

प्रश्न : साध्या स्पिनलॉकच्या जागी इंटरप्ट बंद करणारा प्रकार सर्वत्र घातला तर सुरक्षितता वाढत नाही का?

उत्तर : नाही. तोच लॉक त्याच सीपीयूवरचा इंटरप्ट हँडलर घेत असेल तरच त्याची गरज असते, आणि तो हँडलर कोणता हे पॅचमध्ये सांगितलेले असावे. लॉकच्या आत मेमरी मागताना झोप येऊ नये म्हणून ‘अ‍ॅटॉमिक’ प्रकार वापरणारे पॅचही असेच तपासावेत: ती मागणी नाकारली जाण्याची शक्यता अधिक असते, म्हणून जमेल तिथे मेमरी लॉक घेण्यापूर्वीच मागून ठेवणे बरे.

प्रश्न : पॅच इतका लहान असताना एवढा वेळ कशाला, असे लेखक विचारतात. त्यांना काय सांगावे?

उत्तर : त्यांना ‘डर्टी काऊ’ या कर्नलमधल्या सुरक्षा-दोषाचा इतिहास सांगावा. मेमरी व्यवस्थापनातल्या एका रेसवर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 साली दुरुस्ती केली होती. आयबीएमच्या एस-390 यंत्रांवर तिच्यामुळे अडचण आली म्हणून ती मागे घेतली गेली. मूळ रेस उरली, पुढे इतर बदलांमुळे ती साधणे सोपे झाले, आणि 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ती सुरक्षा-दोषांच्या यादीतल्या सीव्हीई-2016-5195 या क्रमांकाने जगासमोर आली तेव्हा साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे यंत्रावरचे सर्वोच्च, अधिकार मिळवता येत होते. आपला पूर्वीचा प्रयत्न अपुरा होता, हे टोरवाल्ड्स यांनी नव्या पॅचच्या वर्णनातच नोंदवले आहे. म्हणून रेसची एखादी दुरुस्ती मागे घेणारा पॅच समोर आला, तर ती मुळात कोणत्या क्रमापासून वाचवत होती आणि आता त्या क्रमाला कोण अडवणार आहे, हे दोन्ही लिहून मिळेपर्यंत आपण तो थांबवून ठेवावा, मग तो एका ओळीचा का असेना.