एसजीपीटी वाढलंय, मांजरी मात्र ठणठणीत

प्रश्न : आमची मांजरी दीड वर्षाची आहे, वजन ३.२ किलो. नसबंदीआधी रक्त तपासलं तेव्हा एसजीपीटी २६० निघालं. पंधरा दिवस लिव्हरचं सिरप दिलं, तरी परत २८५. अल्कलाइन फॉस्फेटेज ३४, बिलिरुबिन ०.२, सोनोग्राफीत काही नाही. ती नीट खाते, खेळते, घरातल्या पाली धरते. डॉक्टर म्हणतात, कारण सांगता येत नाही. नसबंदी उरकून घ्यावी की थांबावं? – एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : नसबंदी सध्या थांबवा. घाबरण्यासारखं काही दिसत नाही, पण भूल देण्याआधी एक तपासणी व्हायलाच हवी. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

एसजीपीटी, म्हणजेच एएलटी, हे यकृताच्या पेशींमधलं एन्झाइम आहे. पेशी दुखावल्या की ते रक्तात उतरतं. यकृत काम किती करतंय हे मात्र त्यावरून कळत नाही. ते अल्ब्युमिन, ग्लुकोज, युरिया, कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन एकत्र पाहून कळतं, म्हणून हे पाचही आकडे रिपोर्टमध्ये आहेत ना ते बघा. अल्कलाइन फॉस्फेटेज हे पित्त तुंबलं की वाढणारं एन्झाइम. ते कुत्र्याच्या रक्तात जवळपास तीन दिवस रेंगाळतं, मांजराच्या रक्तात सहा तासांत निम्मं होतं. त्यामुळे मांजरात ते थोडं वाढलं तरी दुर्लक्ष करता येत नाही. सात-आठ महिन्यांच्या आतल्या पिल्लात ते हाडांच्या वाढीमुळेही चढतं, एवढा अपवाद. तुमच्या मांजरीचं ते वाढलेलं नाही आणि बिलिरुबिनही ठीक आहे, म्हणजे पित्त तुंबल्याची शक्यता कमी.

रक्त कुठे तपासलं? आपल्याकडे बरेचदा नमुना माणसांच्या पॅथॉलॉजीत जातो आणि रिपोर्टवर माणसाची कक्षा छापून येते. मांजरात यंत्राप्रमाणे ८० ते १३० पर्यंतचं एसजीपीटी चालतं. २८५ कुठल्याही हिशेबाने जास्तच आहे, पण पुढचे आकडे ताडून पाहायचे तर दर वेळी लॅब तीच हवी. रात्रभर, दहा-बारा तास उपाशी ठेवून सकाळी रक्त घ्या. मे महिन्यात नमुना गाडीच्या डिक्कीत ठेवून नेला तर तांबड्या पेशी फुटतात आणि एसजीओटी हे दुसरं एन्झाइम उगाच वाढलेलं दिसतं. सीरम लवकर वेगळं करून थंड डब्यातून पाठवायला सांगा. सोबत सीके, म्हणजे स्नायूंमधलं एन्झाइम, तपासून घ्या. तेही वाढलेलं असेल तर यकृताआधी स्नायूंकडे पाहावं लागतं.

आता घराकडे वळा. तरुण, हसतीखेळती मांजर आणि एकटं वाढलेलं एसजीपीटी असं चित्र असेल तर कारण बऱ्याचदा पोटात गेलेल्या कशात तरी असतं. मागच्या दोन महिन्यांत दिलेलं प्रत्येक औषध लिहून काढा. गजकर्णासाठी मांजरांना इट्राकोनाझोल सर्रास दिलं जातं आणि ते एसजीपीटी वाढवतं. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकनेही काही मांजरांत ते वाढतं. पॅरासिटामॉल कोणी 'ताप आहे म्हणून अर्धी गोळी' असं दिलं असेल तर ते लपवू नका. मांजरासाठी ते विष आहे.

आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो आणि मांजरांना टाकीतलं पाणी आवडतं. डास होऊ नयेत म्हणून त्याच पाण्यात रॉकेल, फिनाइल किंवा अळीनाशक टाकलेलं असतं. फिनॉलसारखी रसायनं निकामी करण्याची व्यवस्था मांजराच्या यकृतात फार तोकडी आहे. पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी ती पोटात जातात. टाकीला जाळी लावा, फरशी महिनाभर साध्या पाण्याने पुसा. कपाटातल्या डांबरगोळ्या, डिफ्युझरमधलं टी ट्री तेल आणि कुंडीतलं सायकस हेही घराबाहेर काढा. सायकसचं बी तर सर्वांत घातक.

तुम्ही पालींचा उल्लेख केला, तो मला महत्त्वाचा वाटतो. उष्ण प्रदेशात प्लॅटिनोसोमम नावाचा पर्णकृमी गोगलगाय, मग लाकूडउवेसारखा किडा, मग पाल असा प्रवास करून मांजराच्या पित्तनलिकेत राहतो. कृमी थोडे असतील तर बाहेरून काहीच दिसत नाही. एसजीपीटी तेवढं चढतं, कधी इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीही वाढतात. विष्ठेच्या नेहमीच्या तरंगवण्याच्या तपासणीत याची अंडी बहुधा सापडत नाहीत, त्यासाठी गाळ बसवून तपासावं लागतं. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्र विभागाला तशी विनंती करून बघा. तीन वेगवेगळ्या दिवसांची विष्ठा न्या. 'जंताचं औषध तर नियमित देतो' यावर विसंबू नका. नेहमीच्या गोळीत प्राझिक्वांटेल हे जंतनाशक किलोला ५ मिलिग्रॅम पडतं, या कृमीला किलोला २० मिलिग्रॅम आणि तेही सलग तीन ते पाच दिवस लागतं. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

भुलेआधीची तपासणी म्हणजे बाइल अ‍ॅसिड्स, रक्तातल्या पित्ताम्लांची मोजणी. काही मांजरांत जन्मतःच आतड्याकडून येणारं रक्त यकृताला वळसा घालून जातं. त्याला शंट म्हणतात. अंगाने लहान राहणं, लाळ गळणं, जेवणानंतर सुस्त किंवा भ्रमिष्ट होणं, डोळ्यांची बुबुळं तांब्यासारखी दिसणं ही त्याची लक्षणं. सगळी असतीलच असं नाही. अशा मांजरीला भूल उतरायला फार वेळ लागतो आणि जीवही जाऊ शकतो. बारा तासांच्या उपासानंतर एक नमुना, मग दोन चमचे ओलं स्निग्ध खाणं आणि बरोबर दोन तासांनी दुसरा. दुसरा आकडा साधारण २५ मायक्रोमोलच्या आत हवा. गरोदरपणातल्या खाजेसाठी ही तपासणी माणसांच्या लॅबमध्येही होते. अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिड हे पित्ताचं औषध चालू असेल तर ते स्वतःच या आकड्यात मोजलं जातं, म्हणून डॉक्टरांना विचारून आधी थांबवा.

एफआयव्ही-एफईएलव्ही या मांजरांच्या विषाणूंचं किट आणि टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची तपासणीही याच रक्तात उरकते. ताप राहत असेल, वजन घटत असेल आणि अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन गुणोत्तर ०.४ च्या खाली असेल, तर एफआयपी या मांजरांच्या कोरोनाविषाणूमुळे होणाऱ्या आजाराचा विचार ताबडतोब करावा लागतो. त्यावर आता उपचार आहे आणि लवकर सुरू केला तर तो चांगला लागू पडतो.

सिरप बंद करा. ते चालू असताना काय बदललं आणि कशाने, हे कळणार नाही. आधार म्हणून काही द्यायचंच तर एसएएमई हे यकृतासाठीचं पूरक द्या. साडेपाच किलोपर्यंतच्या मांजराला ९० मिलिग्रॅम, रोज एकदा, खाण्याच्या तासभर आधी. माणसांच्या दुकानातली गोळी २०० किंवा ४०० मिलिग्रॅमची असते आणि तिच्यावरचं आवरण मोडलं की औषध वाया जातं, म्हणून तिचे तुकडे करू नका. मांजरांसाठीची छोटी गोळी मागवून घ्या.

घरातल्या वस्तू हटवून चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा. आकडा उतरत असेल तर आणखी महिनाभर वाट पाहा. बाइल अ‍ॅसिड्स ठीक आणि एसजीपीटी उतरणीला लागलं की नसबंदी करता येईल. सहा-आठ आठवड्यांनंतरही ते नेहमीच्या कमाल मर्यादेच्या दुपटीच्या वर अडून बसलं तर यकृताचा तुकडा काढून तपासणं आलं. सुईने घेतलेल्या पेशींत चरबी किंवा लिम्फोमा हा कर्करोग दिसतो, पित्तनलिकेची सूज मात्र निसटते. तुकडा काढण्याआधी रक्त गोठण्याची तपासणी करून घ्यावी. गरज पडल्यास व्हिटॅमिन के देतात.

प्रश्न : लिव्हर कमजोर असेल तर मांजराला कलेजी खाऊ घालावी असं सांगतात. द्यावी का? आणि प्रथिनं कमी करायची का? – एक वाचक, महाल

उत्तर : कलेजी रोज देऊ नका. तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की महिनोन्‌महिने दिल्यास मानेची हाडं एकमेकांना जुळतात आणि मांजराला मान वळवता येत नाही. प्रथिनंही कमी करायची नाहीत. मांजर मांसावरच जगतं, प्रथिनं तुटली की स्नायू आटतात आणि यकृतात चरबी साठते. शंटमुळे मेंदूवर परिणाम झालेल्या मांजराचाच आहार वेगळा असतो. दूध-पोळीवर वाढलेल्या मांजराला टॉरिन हे मांसातलं आवश्यक अमिनो आम्ल मिळत नाही, ते मात्र बदलायला हवं.

प्रश्न : आमच्या लठ्ठ बोक्याचे लिव्हरचे आकडे वाढले आहेत आणि कालपासून तो जेवणाला तोंड लावत नाही. किती दिवस वाट पाहावी? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : दिवस मोजत बसू नका, आजच दाखवा. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात उतरते आणि यकृत बंद पडू लागतं. मूळ आजार साधा असला तरी याने मांजर दगावतं.

चार किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, म्हणजे ओल्या खाण्याची साधारण तीन पाकिटं. उपास दोन-तीन दिवसांचा झाला असेल तर पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण द्या. एकदम भरवलं तर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फरस कोसळतं. खाणं कोमट करून वास येऊ द्या. सिरिंजने भरवायचं तर जबड्याच्या बाजूने, एका वेळी १ मिलीच्या आत, डोकं वर न उचलता. लाळ गाळायला लागला किंवा ओठ चाटू लागला तर थांबा. मळमळताना जबरदस्ती केली की त्या खाण्याची कायमची शिसारी बसते. अशा वेळी मळमळ थांबवणारं औषध आणि मानेतून अन्ननलिकेत घातलेली नळी हाच चांगला मार्ग. नळीला लोक उगाच बिचकतात. तिच्यातून खाणं आणि औषध दोन्ही बिनत्रास जातं आणि घरी आठवडे-आठवडे सांभाळता येतं. तोंडाने गोळी दिलीत तर मागून ५ मिली पाणी पाजा, कोरडी डॉक्सिसायक्लिन अन्ननलिकेत अडकून जखम करते.

कानाच्या आतली कातडी, हिरड्या आणि टाळू उजेडात बघा. पिवळेपणा दिसला तर आत्ता निघा. हिरड्या तपकिरी आणि तोंड किंवा पंजे सुजलेले असतील तर पॅरासिटामॉल पोटात गेल्याची शंका घेऊन तसं डॉक्टरांना फोनवरच सांगा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत अ‍ॅसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा तयार ठेवता येईल.